पॉइंट टू टूच्या जुन्या जोडीबद्दल, नव्या भावासाठी

भावा, जुनी पॉइंट टू टू, म्हणजे .22 इंच नळीची रायफल आणि तेच काडतूस चालणारं रिव्हॉल्वर, नाद भारी हाय, पण आधी लायसनचं बघ, 2019 च्या दुरुस्तीपासून माणशी दोनच हत्यारं, आज्याची वारसात आलेली बंदूक पण त्यातच धरत्यात. रायफलीत चांगली ठेवलेली जुनी ब्रनो (चेक कंपनीची) मिळाली तर सोडू नको. रिव्हॉल्वर मात्र नीट तपासून घे, रिकामं हाय याची खात्री करून घोडा चढव आणि सिलिंडर हलवून बघ, लटलटलं तर गोळी नळीत सरळ शिरत नाय, शिशाचे कण बाजूनं उडत्यात, चष्मा लागतोच. आणि हो, रिकाम्यावर चाप ओढत बसू नको, ही रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या काठावर पिन मारून उडवायची हत्यारं, त्यांची पिन चेंबरच्या (काडतूस बसतंय त्या जागेच्या) काठावर आपटून खड्डा पाडती, मग काडतूस आत जाताना अडतंय. पॉइंट टू टूत आखूड ते शॉर्ट आणि लांब ते लाँग रायफल अशी काडतुसं असत्यात, शॉर्ट काडतूस लाँग रायफलच्या चेंबरात चालतंय, उलटं नाय. पण लय शॉर्ट मारलेस तर पुढं काजळीचं कडं धरतंय, ब्रश मारत जा. हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जादा वेगाचं काडतूस जुन्या हत्याराला नको, साधंच घाल. नेमबाज तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळेच्या कोल्हापूर जिल्ह्यात रेंज शोधायला लांब जायला नको, कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजला जाऊन आधी चौकशी कर.