संग्रहालयाच्या व्हिजिटिंग कार्डावर काय असावे?

प्रश्न : आमच्या गावात एका न्यासाचे छोटे वस्तुसंग्रहालय असून त्यात जुनी शस्त्रे, नाणी, पोथ्या आणि घरगुती भांडी आहेत. अभिरक्षक, नोंदणी साहाय्यक आणि दालनातील मार्गदर्शक यांच्यासाठी व्हिजिटिंग कार्डे छापायची आहेत. छापखान्याने चकचकीत लॅमिनेशन, वर अशोकस्तंभाच्या सिंहांची राजमुद्रा आणि मागे आमच्याकडील देवीच्या मूर्तीचा रंगीत फोटो असा नमुना दिला आहे. तो स्वीकारावा का?
– एक वाचक, जि. बुलढाणा

उत्तर : हा नमुना स्वीकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. संग्रहालयातील माणसाचे कार्ड पुष्कळदा अशा घरात जाते, जिथे माळ्यावर पणजोबांची तलवार किंवा पोथ्यांचे बासन पडून असते. ती वस्तू द्यावी की नाही, याचा निर्णय एका बैठकीत होत नाही. भावाभावांत बोलणी होतात, वर्षे उलटतात, आणि तोवर कार्ड देणारे गृहस्थ निवृत्तही झालेले असतात. म्हणून व्यक्तीच्या मोबाइलपेक्षा संग्रहालयाचा कायमचा दूरध्वनी, पूर्ण पत्ता आणि संस्थेच्या नावाचा ई-मेल यांना अधिक ठळक जागा द्यावी. हुद्द्याखाली ‘वस्तूंची नोंद व देणगी स्वीकार’ अशी कामाची एक ओळ घातली, तर कोणत्या कामासाठी कोणाला फोन करायचा, हे घरच्यांना विचारत बसावे लागत नाही.

कार्डाची मागची बाजू कोरी ठेवावी, हा आमचा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. पोथ्यांजवळ शाईचे पेन वापरू नये, कारण शाईचा डाग कागदावरून सहसा निघत नाही. त्यामुळे तुमच्याकडील मंडळींच्या हातात पेन्सिलच असणार, आणि पेन्सिल चकचकीत लॅमिनेशनवर उमटत नाही. साध्या, न चकाकणाऱ्या ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) कागदावर वस्तूचे नाव, पाहिल्याची तारीख आणि पुढच्या भेटीचा दिवस तिथल्या तिथे लिहून देता येतो. एकाच बाजूला लॅमिनेशन करण्याचा पर्याय छापखाना सुचवील, पण तसे कार्ड दमट हवेत वाकते.

देवीचा फोटो टाळावाच. कार्ड खिशात चुरगळते, जमिनीवर पडते, पायाखाली येते, आणि ज्या गावाने श्रद्धेने मूर्ती तुमच्या स्वाधीन केली, त्या गावाला ते सहन होणार नाही. चित्र हवेच असेल, तर संग्रहातील एखाद्या नित्य वापराच्या वस्तूचे एकरंगी रेखाचित्र घ्यावे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे पाहताना रोजच्या वस्तूंचे आकार किती देखणे असतात, हे लक्षात येते. तुमच्या भांड्यांतही असा एखादा तांब्या नक्की सापडेल. राजमुद्रेच्या वापरावर २००५ च्या कायद्याने निर्बंध घातलेले आहेत, त्यामुळे खासगी न्यासाने ती छापू नये. न्यासाचे स्वतःचे बोधचिन्ह पुरेसे आहे.

अक्षरांबाबत मात्र छापखान्यावर विसंबू नका. इंग्रजी मजकूर ७ पॉइंटात वाचता येतो म्हणून मराठीही तेवढ्यातच बसवली जाते, आणि मग वेलांटी शिरोरेषेला चिकटते, अनुस्वार दिसेनासा होतो आणि ‘ष’च्या पोटातली रेघ बुजून त्याचा ‘प’ होतो. पत्ता ९ पॉइंटाखाली नको, आणि गडद रंगावर पांढरी बारीक अक्षरे तर मुळीच नकोत. ‘मुक्त’सारखा सुटसुटीत टंक ९० × ५४ मिलिमीटरच्या कार्डावर चांगला वाचता येतो. मजकूर मावत नसेल, तर टंक लहान न करता मजकूरच कमी करावा. पदव्यांची यादी आधी गाळावी. क्यूआर कोड घालायचा असल्यास तो सुमारे २ सेंटिमीटरचा असावा आणि थेट संस्थेच्या संकेतस्थळाचाच असावा, कारण मध्यस्थ कंपनीच्या सेवेतून जाणारा कोड तिची वर्गणी संपताच बंद पडू शकतो.

छपाईला मंजुरी देण्यापूर्वी प्रत्यक्ष आकाराचा नमुना त्याच कागदावर काढून घ्या आणि तो दालनातल्या मंद उजेडात एखाद्या वयस्कर विश्वस्तांना चष्म्याविना वाचायला द्या.