हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर माझा डायपोल आडवा, समोरच्याचा अँटेना उभा. सिग्नल पडेल का?

तुम्ही विचारलंय की नागपूरच्या मित्राचा अँटेना उभा आहे, तर पुण्यातून आडव्या डायपोलवर (मधोमध केबल जोडलेली वायर) पोलरायझेशन, म्हणजे लहरीची आडवी-उभी दिशा, न जुळल्यामुळे २० डीबी जातील का, म्हणजे ताकद शंभरावा हिस्सा उरेल का. नाही जात. आणि हे तुम्हाला ज्याने सांगितलं त्याने मलाही असंच सांगितलं असेल तर आश्चर्य नाही.

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर माझा इन्व्हर्टेड व्ही होता, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्ही टोकं खाली उतरवलेला डायपोल. लायसन्स नवीन होतं, एका सीनियर ओएमनी, म्हणजे जुन्या हॅमनी, चारचौघांत ऐकवलं, "वायर उभी कर, नाहीतर अर्ध्या महाराष्ट्राला ऐकू जाणार नाहीस." मी गप्प बसलो. मग सेक्रेटरींना विनवून शनिवार-रविवारी बांबूंवर १० मीटर वायर उभी केली, तिच्या बुडाशी गच्चीभर रेडियल, म्हणजे आडव्या तारा, पसरले, पण व्ही उतरवला नाही, दोन्हीच्या केबलला एक स्विच लावला.

सकाळी नागपूरचं स्टेशन ऐकत स्विच मारत बसलो. व्हीवर सिग्नल बुडायला लागला की उभ्यावर वर यायचा, थोड्या वेळाने बरोब्बर उलटं. म्हणजे येणारी लहर धड आडवी नाही, धड उभी नाही, सारखी फिरतीये! पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे आयनोस्फिअरमध्ये (लहर खाली परतवणारा हवेचा वरचा विद्युतभारित थर) लहरीचे दोन भाग होतात, दोघांचा वेग वेगळा, खाली येईपर्यंत तुम्ही पाठवलेलं पोलरायझेशन उरतच नाही.

कोल्हापूर मात्र उभ्यावर गायब. तिथे प्रश्न अँगलचा. अंतर २०० किलोमीटरच्या आसपास, आयनोस्फिअरमधला एफ लेअर साधारण ३०० किलोमीटर वर, म्हणजे सिग्नल जवळपास डोक्यावर फेकायला लागतो आणि उभा अँटेना तिकडे काही फेकतच नाही. रात्री परदेशातल्या स्टेशनांना तो भारी, पण सोसायटीतल्या एलईडी आणि इन्व्हर्टरचा नॉइजही तोच जास्त ओढतो.

२० डीबीची गोष्ट खोटी नाही, पण ती २ मीटर बँडवरची, आयनोस्फिअर मध्ये न येता थेट समोरासमोर बोलतानाची. सिंहगडावर हातातला हँडहेल्ड सेट आडवा धरा, लगेच कळेल. माझं लॉगबुक घेऊन मी त्या सरांकडे गेलो होतो, त्यांनी उघडलंसुद्धा नाही, "पुस्तकात लिहिलंय" एवढंच म्हणाले. नवीन मुलाला नियम सांगताना तो कुठल्या बँडचा हे सांगायला नको का? माझा महिना गेला त्यात.

तुम्ही डायपोलच लावा, १० मीटर उंची मिळाली तर बास. हां, पुण्यातल्या पुण्यात ४० मीटरवर ग्राउंड वेव्हने (जमिनीलगत जाणाऱ्या लहरीने) बोलायचं असेल तर मात्र दोघांचेही उभेच लागतील.