झोपायचा डबा रेल्वेला परवडतो का?

तुमचा प्रश्न असा की बसायच्या डब्यात दुप्पट माणसं मावतात, मग लांब पल्ल्याच्या गाड्यांना झोपायचे डबे जोडून रेल्वे कंपन्यांना सुटतं काय?

सुटतं, पण जेमतेम. आणि गोम भाड्यात कमी, बर्थ किती वेळा विकला जातो यात जास्त आहे.

ॲमट्रॅक या अमेरिकेतल्या प्रवासी रेल्वे कंपनीच्या व्ह्यूलाइनर शयनयानात फार तर ३० जण झोपतात; त्याच गाडीच्या बसायच्या डब्यात साठेक जण बसतात. मग दुप्पट भाडं लावलं की झाली बरोबरी? नाही. खुर्चीवरचा माणूस मधल्या स्टेशनावर उतरतो आणि तीच खुर्ची दुसऱ्याला मिळते. बर्थचं तसं होत नाही. रात्री अडीचला गाडी थांबल्यावर मी कितीदा तरी पडदा सरकवून पाहिलंय: लख्ख उजेडातला मोकळा फलाट, शिट्टी, की गाडी हलली. त्या वेळी बर्थ घ्यायला कोण येणार? शिवाय दोन बर्थची खोली एकट्याने घेतली की वरचा बर्थ सकाळपर्यंत रिकामाच. चादरी-अभ्रे धुणं आणि डब्यामागे एक अटेंडंट, हा खर्च वेगळा.

त्यात एकाच रात्रीची गाडी असेल तर ती सकाळी पोचते आणि संध्याकाळपर्यंत यार्डात उभी राहते. तेवढ्यात दिवसाची गाडी दोन-तीन फेऱ्या मारते. दोन रात्रींच्या प्रवासात निदान डबा दिवसाही कामाला असतो, बर्थ मिटून त्याची बैठक होते.

जर्मनीच्या डॉइच बानने डिसेंबर २०१६मध्ये आपल्या शयनयान गाड्या बंद केल्या. त्यातले काही मार्ग आणि डबे ऑस्ट्रियाच्या ओबीबीने घेतले. ते लोक वेगवेगळ्या गावांचे डबे वाटेत एकत्र जोडतात, म्हणजे निम्मी वाट एकाच इंजिनावर भागते. त्यांच्या नव्या सात डब्यांच्या गाडीत २५४ जागा आहेत. शयनयानात २०च माणसं, पण शेजारच्या डब्यात ४०, कारण तिथे एकेकट्यासाठी २८ छोटे कप्पे केले आहेत. मला ही युक्ती मनापासून आवडली: एकट्याला एकट्याची जागा विकायची, वरचा बर्थ रिकामा राहायचा प्रश्नच मिटतो.

प्रवासी जास्त पैसे का देतो, हे सोपं आहे. हॉटेलची एक रात्र वाचते आणि सकाळ हाती लागते. म्हणून संध्याकाळी उशिरा सुटून सकाळी कामाच्या वेळेआधी पोचणारी गाडीच भरते. पहाटे चारला उतरवणाऱ्या गाडीचा बर्थ स्वस्तातही कुणी घेत नाही.

हंगामी गर्दीचं कोडं मात्र अमेरिकेत शयनयानं चालवणाऱ्या जुन्या पुलमन कंपनीने सगळ्यात छान सोडवलं होतं. तिकिटाचं भाडं रेल्वेचं, बर्थचे पैसे पुलमनचे, आणि डबे अनेक रेल्वेंमध्ये फिरते. हिवाळ्यात फ्लोरिडाकडे गर्दी झाली की डबे तिकडे, उन्हाळ्यात उत्तरेकडे. एकट्या रेल्वेला तेवढे डबे वर्षभर बाळगावे लागले असते, आणि अर्धं वर्ष ते उभेच राहिले असते.