वादविवादाला उभ्या राहणाऱ्या खो-खोपटूस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक शुभाशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा भाषणाचा खर्डा मिळाला. ‘कोणत्या खेळातील खेळाडू सर्वांत अष्टपैलू?’ हा विषय आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेत आला आहे, तुला खो-खोची बाजू मांडायची आहे, आणि सरावाच्या पहिल्याच दिवशी समोरच्या वक्त्याने ‘खो-खो म्हणजे शाळेच्या मैदानावरची पळापळ’ असे म्हटल्याने तू दुखावली गेली आहेस, हे वाचले. तुझे दुखावणे मला समजते. मी विद्यापीठ पातळीवर तीन वर्षे डेकॅथलॉन, म्हणजे दोन दिवसांत धावणे, उड्या आणि फेकी अशा दहा प्रकारांची स्पर्धा, खेळलो आणि पुढे तीस वर्षे मुलामुलींना धावायला, उड्या मारायला आणि फेकायला शिकवले. त्या सगळ्या काळात खो-खोच्या मुलींइतकी चपळ पावले मला दुसऱ्या कोणत्याही मैदानावर दिसली नाहीत. तरीही तुझा खर्डा मला पटलेला नाही, आणि तो का पटला नाही हे सविस्तर सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

खो-खोमध्ये वेग आहे, दम आहे, लवचिकता आहे, बुद्धी आहे, म्हणून खो-खोपटू सर्वश्रेष्ठ, असे तू लिहिले आहेस. हेच वाक्य कबड्डीचा खेळाडू कबड्डीसाठी आणि हॉकीचा खेळाडू हॉकीसाठी जसेच्या तसे म्हणू शकेल. आपल्या खेळात अमुक गुण लागतात असे सांगणे ही त्या खेळाची स्तुती झाली. तुलना करायची असेल तर कोणत्या मोजपट्टीने मोजतो आहोत हे आधी जाहीर करावे लागते, आणि तीच मोजपट्टी का, याचे समर्थनही करावे लागते. या वादात हरजीत होते ती बहुतेक वेळा याच ठिकाणी, आणि बहुतेक वक्ते या ठिकाणी थांबतसुद्धा नाहीत.

मोजपट्टीचे सामर्थ्य किती असते हे समजण्यासाठी १९६०च्या रोम ऑलिम्पिकमधील डेकॅथलॉनची हकीकत तुला माहीत असायला हवी. अमेरिकेचा रेफर जॉन्सन आणि तैवानचा यांग चुआन-क्वांग हे दोघे लॉस एंजेलिसच्या एकाच विद्यापीठात शिकत होते, एकाच प्रशिक्षकाच्या, म्हणजे डकी ड्रेक यांच्या हाताखाली एकत्र सराव करत होते आणि एकमेकांचे मित्र होते. दोन दिवसांत दहा प्रकार झाले. त्यांपैकी सात प्रकारांत यांगने जॉन्सनला मागे टाकले. जॉन्सन पुढे राहिला तो फक्त गोळाफेक, थाळीफेक आणि भालाफेक या तीन फेकींमध्ये, पण एकट्या गोळाफेकीतच त्यांच्यात सुमारे अडीच मीटरचे अंतर पडले होते. शेवटच्या १५०० मीटर शर्यतीपूर्वी जॉन्सन ६७ गुणांनी पुढे होता आणि यांगला सुवर्णपदकासाठी त्याच्यापेक्षा सुमारे दहा सेकंद आधी पोहोचणे आवश्यक होते. यांग या अंतरात एरवी त्याच्यापेक्षा बराच वेगवान होता. ड्रेक यांनी जॉन्सनला सांगितले की यांगच्या पाठीला चिकटून राहा. यांगला सांगितले की लवकरात लवकर अंतर वाढव, कारण जॉन्सनला ते झेपणार नाही. दोन्ही शिष्यांना त्यांनी ज्याच्या त्याच्या हिताचा खरा सल्ला दिला. जॉन्सनने यांगची पाठ सोडली नाही, यांगला जेमतेम सव्वा सेकंदाचीच आघाडी मिळाली आणि अखेर ५८ गुणांच्या फरकाने सुवर्णपदक जॉन्सनच्या गळ्यात पडले.

आता विचार कर. दहापैकी सात प्रकारांत सरस ठरलेला खेळाडू अधिक अष्टपैलू, की एकूण गुणांत पुढे राहिलेला? गुणतक्त्याने, म्हणजे प्रत्येक वेळेला आणि अंतराला किती गुण हे ठरवणाऱ्या कोष्टकाने, त्या दिवशी उत्तर दिले. पण तो तक्ता माणसांनीच बनवलेला होता. याच यांगने १९६३ साली त्या वेळच्या तक्त्यानुसार ९१२१ गुण मिळवले आणि नऊ हजारांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला ठरला. फायबरग्लासच्या नव्या काठीने त्याची बांबू उडी इतकी उंच गेली होती की तक्त्यात तेवढ्या उंचीसाठी गुणच छापलेले नव्हते. पुढच्याच वर्षी तक्ते बदलण्यात आले, त्या बदलाचा फटका यांगला इतरांपेक्षा जास्त बसला, आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये तो पाचवा आला. त्याच्या शरीराचा पल्ला तोच होता. त्याच्या बांबू उडीची किंमत मात्र कागदावर उतरली होती. तुझ्या विरोधी वक्त्याने डेकॅथलॉनची बाजू घेतली, आणि तो ती घेईलच, तर हा प्रसंग तुझ्या हाताशी असू दे.

डेकॅथलॉनवर माझे प्रेम आहे, म्हणून त्याच्या मर्यादा मी तुला मोकळेपणाने सांगू शकतो. फ्रान्सच्या केव्हिन मेयरने २०१८ साली ९१२६ गुणांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याने १०० मीटर १०.५५ सेकंदांत पार केले, ७.८० मीटर लांब उडी मारली, गोळा बरोबर १६ मीटर फेकला आणि १५०० मीटरला ४ मिनिटे ३६ सेकंद घेतले. यातील प्रत्येक आकडा एकेकटा घेतला तर त्या त्या प्रकारातील जागतिक अंतिम फेरीत त्याला जागा मिळणार नाही. १५०० मीटरचा विश्वविक्रम ३ मिनिटे २६ सेकंदांचा आहे आणि गोळाफेकीचा साडेतेवीस मीटरच्या वर. अष्टपैलुत्वाची किंमत ती हीच. शिवाय दहा प्रकारांकडे नीट पाहिलेस तर १०० मीटर, ४०० मीटर, अडथळ्यांची शर्यत आणि लांब उडी हे चार प्रकार थेट वेगावर उभे आहेत, बांबू उडीलाही धाव वेगवानच लागते, आणि खरा दम तपासणारी शर्यत एकच, तीही सर्वांत शेवटी. ज्या शर्यतीने मला दर वेळी रडकुंडीला आणले तीच ही. दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळी, नऊ प्रकारांनंतर, पावणेचार फेऱ्यांसाठी रेषेवर उभे राहताना पायांत काहीही उरलेले नसते आणि तरी पळायचे असते.

सर्व गुण एकाच शरीरात टोकाला का जात नाहीत, याचे शरीरशास्त्रीय उत्तरही तुझ्या भाषणात यायला हवे. १९८० साली रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने दहा आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात एका गटाने केवळ ताकदीचा, दुसऱ्याने केवळ दमाचा आणि तिसऱ्याने दोन्हींचा सराव केला. दोन्ही करणाऱ्यांचा दम व्यवस्थित वाढला, पण त्यांची ताकद काही आठवडे वाढत जाऊन पुढे थांबली आणि शेवटी शेवटी घसरू लागली. केवळ ताकदीचा सराव करणाऱ्यांची मात्र वाढतच राहिली. पुढच्या संशोधकांनी हा परिणाम केव्हा कमी आणि केव्हा जास्त जाणवतो याचा बराच अभ्यास केला आहे, परंतु मूळ ओढाताण खरी आहे. म्हणून ‘आमच्या खेळात सर्व गुण सर्वोच्च असतात’ असे म्हणणाऱ्या वक्त्याला शरीर कळलेले नाही असे परीक्षक समजतात, आणि ते योग्यच आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या एका प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात आणि वक्ते सोयीप्रमाणे एकावरून दुसऱ्यावर उडी घेतात. एखादा खेळ शरीराकडून किती विविध मागण्या करतो, हा एक प्रश्न. त्या खेळातील माणूस परक्या खेळात किती निभावून नेईल, हा दुसरा. आणि मुळातच उत्तम शरीराची मुले कोणत्या खेळाकडे वळतात, हा तिसरा. आपल्याकडे क्रिकेटकडे, आणि जगात बऱ्याच ठिकाणी फुटबॉलकडे, इतकी मुले जातात की तेथे निवडून आलेले शरीर उत्तम असणारच. पण ते श्रेय खेळाच्या मागण्यांचे नसून निवडीसाठी जमलेल्या गर्दीचे आहे. तू यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहेस, हे पहिल्या मिनिटातच सांगून टाक.

दुसऱ्या प्रश्नासाठी लोकांनी प्रत्यक्ष करून पाहिलेले आहे. १९७३ साली अमेरिकेतील फ्लोरिडात ‘सुपरस्टार्स’ नावाची दूरचित्रवाणीवरची स्पर्धा सुरू झाली. वेगवेगळ्या खेळांतील नामवंत एकत्र आणायचे आणि त्यांना दहापैकी सात प्रकारांत उतरवायचे, पण स्वतःच्या खेळाचा प्रकार कोणालाही निवडू द्यायचा नाही, असा तिचा नियम होता. पहिली स्पर्धा जिंकली ती बॉब सीग्रेन या बांबू उडीच्या ऑलिम्पिक विजेत्याने. मला त्याचे नवल वाटत नाही, कारण बांबू उडीत धावपटूची धाव आणि मल्लखांबावर उलटे होणाऱ्याचे खांदे व पोट एकाच माणसाकडे असावे लागतात. त्याच स्पर्धेत जो फ्रेझियरसारखा बलाढ्य मुष्टियोद्धा पोहण्याच्या शर्यतीत जवळजवळ बुडाला. आपल्याला पोहता येत नाही हे त्याने नंतर सांगितले. पुढे रेनाल्डो नेहेमाया या अडथळ्यांच्या शर्यतपटूने ही स्पर्धा चार वेळा जिंकली. मायकल जॉर्डनचे उदाहरणही असेच बोलके आहे. बास्केटबॉलचा हा सम्राट १९९४ साली बेसबॉलच्या दुय्यम श्रेणीत खेळला, तेव्हा त्याची फलंदाजीची सरासरी अवघी .२०२ राहिली, पण त्याच हंगामात त्याने चपळाईने ३० बेस चोरले, म्हणजे चेंडू फटकावला न जाताच धावून पुढचा टप्पा गाठला. पाय नव्या मैदानावरही त्याच्यासोबत आले, चेंडू फटकावण्याची नजर आली नाही. शरीराचे गुण स्थलांतर करतात, कौशल्य सहसा करत नाही, ही गोष्ट तू यातून मांडू शकतेस.

अमेरिकेतील ईएसपीएन या क्रीडावाहिनीने २००४ साली ६० खेळांना ताकद, वेग, दम अशा दहा गुणांवर तोलून जी क्रमवारी लावली आणि जिच्यात मुष्टियुद्ध पहिले आले, ती बहुधा कोणीतरी तुझ्यासमोर ठेवेल. घाबरू नकोस. ती तज्ज्ञांनी दिलेल्या मतांची बेरीज आहे, आणि दहाही गुणांना सारखेच वजन द्यायचे हा तिच्यातला सर्वांत मोठा निर्णय कोणतेही मोजमाप न करता घेतलेला आहे. एवढे सांगितलेस तरी पुरे.

आता खो-खोकडे येतो. डेकॅथलॉनमध्ये एक गोष्ट अजिबात नाही, आणि ती म्हणजे समोरचा माणूस. गोळा हुलकावणी देत नाही, अडथळा जागा बदलत नाही, आडवी पट्टी तुमचे डोळे वाचत नाही. तुझ्या खेळात २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद मैदानात आठ जणी एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या असतात, नववी तुझ्या मागावर असते, आणि पुढचा खो कोणाला मिळेल हे तुला तिच्या खांद्याच्या वळणावरून ओळखावे लागते. आक्रमण करणारीला एकदा घेतलेली दिशा मोडता येत नाही आणि मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांची रांग, ओलांडता येत नाही, तर संरक्षण करणारीला दोन्हीकडे मोकळीक असते. या असमान नियमांमुळेच पाठलाग एकटीच्या वेगावर न राहता नऊ जणींच्या मिळून घेतलेल्या निर्णयांवर चालतो. एकेरी साखळी (बसलेल्या एकेकीला वळसा घालत नागमोडी पळणे) खेळत असताना मध्येच दुहेरी साखळीकडे (दोघी-दोघींना वळसा घालण्याकडे) वळायचे की थेट खांबापर्यंत जायचे, हे दमलेल्या पायांनी आणि अर्ध्या क्षणात ठरवणे ही फार मोठी शारीरिक बुद्धी आहे. खांबावर सूर मारताना पूर्ण वेगातले शरीर एका हाताच्या आधाराने वळवावे लागते, याचाही उल्लेख कर. तुझ्या खर्ड्यात तो नाही याचे मला वाईट वाटले.

परंतु खो-खोत वजन उचलावे किंवा फेकावे लागत नाही, समोरच्याच्या ताकदीला ताकदीने भिडावे लागत नाही. हे तू स्वतःहून कबूल कर. विरोधकाने दाखवण्याआधी आपली उणीव सांगणाऱ्या वक्त्याचे पुढचे म्हणणे लोक अधिक विश्वासाने ऐकतात. म्हणून ‘खो-खोपटू सर्वश्रेष्ठ’ हा दावा सोडून दे आणि असा दावा कर : अष्टपैलुत्वाच्या मोजपट्टीत हलत्या प्रतिस्पर्ध्याला वाचण्याची आणि क्षणात दिशा बदलण्याची क्षमता धरली नाही, तर ती मोजपट्टी अपुरी आहे, आणि ती धरली तर खो-खोपटू पहिल्या रांगेत बसते. हे तुला सिद्ध करता येईल. माझे स्वतःचे मत विचारशील तर शरीराच्या पल्ल्यासाठी मी आजही डेकॅथलॉन आणि हेप्टॅथलॉनच्या (महिलांच्या सात प्रकारांच्या स्पर्धेच्या) बाजूने हात वर करीन. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत स्वप्ना बर्मनने दोन्ही पायांना सहा-सहा बोटे असताना, साध्या बुटांत पाय आवळून घेत, सात प्रकारांत ६०२६ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले, ती स्पर्धा पाहताना माझे डोळे भरून आले होते. तुझ्या बाजूने मत न देणारा माणूसही तुझ्या मुद्द्याने अडखळला पाहिजे, आणि मी वरच्या दाव्याने खरोखरच अडखळलो आहे.

भाषण पुन्हा लिहिण्यापूर्वी एक काम कर. येत्या रविवारी सकाळी सात वाजता तुझ्या संघातील दोघी, कबड्डीची एक, भालाफेकीची एक आणि जमल्यास पोहणारी एक, अशा मुलींना घेऊन मैदानावर ये. ३० मीटर धाव, जागेवरून लांब उडी, दोन्ही हातांनी डोक्यावरून मागे गोळा फेकणे, खांबांमधून नागमोडी पळणे आणि ८०० मीटर असे पाच प्रकार घेऊ. जिचा जो हातखंडा प्रकार असेल तो तिने सोडायचा. गुण कसे द्यायचे ते तुम्ही मुलींनी आदल्या रात्री आपसात ठरवून कागदावर लिहून आणा, आणि त्यावरून भांडण झाले तर ते भांडणही लिहून आणा. घड्याळ, टेप आणि चार किलोचा गोळा मी आणतो.

तुझा,
सर