पाजताना जीव जात असेल तर आधी बाळाची पकड बघ

बाळ बारा दिवसांचं आहे, दोन्ही बाजूंना भेगा पडल्यात, ते रडायला लागलं की पाजायच्या विचारानेच पोटात गोळा येतो, बाटली द्यावी का असंही मनात येतं, आणि घरचे म्हणतात "होईल सवय", असं तू लिहिलंयस. सवय होण्याची वाट बघत बसू नकोस गं. पहिल्या काही दिवसांत बाळाने तोंड लावल्यावर अर्धा-एक मिनिट ओढल्यासारखं वाटणं बऱ्याच जणींना होतं. पण शेवटपर्यंत दुखतंय, वर भेगाही पडतायत, म्हणजे बहुतेक वेळा पकड, म्हणजे बाळ स्तन तोंडात धरतं ती पद्धत, चुकत असते आणि तोंडात नुसतं निप्पलचं टोक जात असतं.

माझ्या थोरलीच्या वेळी मी नऊ दिवस दात-ओठ खात पाजलं. मग एकदा तिने ओकलेल्या दुधात रक्ताचा धागा दिसला आणि मी हादरले. डॉक्टरांना दाखवलं. रक्त माझ्याच भेगांतलं होतं, तिला काही झालं नव्हतं. तिथल्या एका नर्सने मला विचारलं, "पाजून झाल्या-झाल्या निप्पल कसं दिसतं, बघितलंत कधी?" मी कधीच बघितलं नव्हतं. बघितलं तर ते एका बाजूने चपटं, लिपस्टिकच्या तिरक्या टोकासारखं झालेलं, टोकाला पांढरी रेघ. पकड नीट असली की ते थोडं लांबलेलं पण गोलच बाहेर येतं. पुढच्या वेळी तूही बघ.

असं का होतं, ते स्वतःच्या जिभेने कळतं. जीभ टाळूवरून मागे ने. पुढे टणक लागेल, मागे मऊ. निप्पल त्या मऊ भागाजवळ पोचायला हवं. ते पुढेच राहिलं तर जीभ आणि टणक टाळू यांच्यात प्रत्येक घोटाला चिरडतं. शिवाय नुसत्या टोकातून दूधही कमी येतं, म्हणून बाळ तासन् तास ओढत राहतं आणि तरी उपाशीच.

आता घ्यायचं कसं? बाळ रडून लाल होईपर्यंत थांबू नकोस. ते मूठ चोखायला, मान वळवून तोंड शोधायला लागलं की लगेच घे. त्याचं पोट तुझ्या पोटाला लागलेलं हवं. कान, खांदा, कंबर एका रेषेत, मान वळवून प्यायला लागता कामा नये. त्याचं नाक निप्पलच्या समोर आण, तोंड नाही. इथेच बहुतेक जणींचं चुकतं. नाक समोर असलं की बाळ डोकं किंचित मागे टाकून वर बघतं आणि जांभई दिल्यासारखा मोठा आ करतं. निप्पलने त्याचा वरचा ओठ हलकेच चाळव आणि तो मोठा आ येईपर्यंत थांब. अर्धवट उघडलेल्या तोंडात घाई करून देऊ नकोस, हे मी दहा वेळा सांगेन. आ केला की पाठीवरच्या हाताने बाळाला झटकन जवळ ओढ. स्तन बाळाकडे नाही न्यायचा, बाळ स्तनाकडे आणायचं. हनुवटी आधी टेकली पाहिजे. निप्पलभोवतीचा काळसर भाग खालच्या बाजूने जास्त आत, वरचा थोडा दिसत राहिला तरी चालेल. हात त्याच्या मानेखाली आणि खांद्यांमागे ठेव. डोक्यामागून दाबलंस तर ते उलट मागे ताणतं.

दुखलं तर सोसत बसू नकोस, पण ओढून काढूही नकोस. करंगळी त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकव, पकड सुटेल, आणि पुन्हा घे. मला एकेका वेळेला चार-पाचदा करावं लागायचं. बसून जमत नसेल तर मागे रेलून बाळाला अंगावर पालथं घे. काही बाळं तशी आपणहून छान धरतात.

स्तन दुधाने दगडासारखा झाला असेल तर बाळाला धरताच येत नाही. मग आधी काळसर भागाभोवती बोटांनी छातीच्या दिशेने मिनिटभर हलकेच दाबून ठेव, थोडं दूध हाताने काढ, आणि तो भाग मऊ झाला की लाव. भेगांवर साबण नको. पाजून झाल्यावर स्वतःच्या दुधाचे दोन थेंब लावून वाळू दे. एखादी बाजू अगदीच सहन होत नसेल तर एक-दोन वेळा तिचं दूध हाताने काढून वाटी-चमच्याने पाज. बाटलीचा विचार तू केलास यात अपराधी वाटून घेऊ नकोस, पण पकड सुधारायच्या आत तिकडे वळण्याची घाई नको असं माझं मत आहे.

दोन-तीन दिवस असं करूनही फरक नसेल तर स्तनपान सल्लागाराला किंवा बालरोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष पाजताना बघायला सांग, आणि बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड आहे का, तेही तपासून घे. पकड चांगली असताना जळजळ होते, त्वचा चकाकते, बाळाच्या तोंडात न पुसली जाणारी पांढरी पुटं दिसतात, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. ताप, थंडी, स्तनावर लाल गरम चट्टा असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. पाजणं मात्र थांबवू नकोस, दूध साचलं तर जास्त बिघडतं. बाळाला चोवीस तासांत निदान सहा वेळा चांगली शू होतेय ना आणि वजन जन्माइतकं परत आलंय का, हे या आठवड्यात नक्की बघून घे. शू कमी असेल किंवा ते प्यायलाही उठत नसेल तर वाट न बघता डॉक्टरांना दाखव.

आज कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात कर. सुटल्यावर निप्पल गोल आलं की चपटं, ते मला कळव, मग पुढचं बघू.