एमआरआय जोडलाय, मार्कशीट नाही

नमस्कार. नाव छापू नका म्हणालात, म्हणून मी तुम्हाला घोडबंदर रोडचे बाबा म्हणते, चालेल ना.

बाकीच्या वाचकांसाठी पत्र थोडक्यात सांगते. बाबांचं ३६व्या वर्षी एल-फोर एल-फाइव्हचं, म्हणजे कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधल्या गादीचं, ऑपरेशन झालंय, मोठ्या भावाला तीच तक्रार, आजीची कंबर तर आयुष्यभर धरलेली. मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्स, पीसीबी. अकरावीच्या शेवटाला तिची कंबर दुखायला लागली, दोन महिन्यांत थांबेना म्हणून एमआरआय काढला तर त्यात 'डिस्क डेसिकेशन, माइल्ड बल्ज', म्हणजे गादी थोडी सुकलेली नि किंचित बाहेर फुगलेली. मग बाबांनी जीन तपासणीचं ऑनलाइन किट मागवलं, नळीत तिची थुंकी भरून कुरियर केली, रिपोर्ट आला 'हाय रिस्क'. मुलीला फिजिओथेरपी करायचीय. बाबांचं म्हणणं, फिजिओला पेशंट उचलावे लागतात, आमच्या घराण्यात हे पंचाहत्तर टक्के अनुवंशिक आहे, त्यापेक्षा तिनं बीसीए करावं नाहीतर बँकेच्या परीक्षा द्याव्यात, बसून काम असेल असं एखादं करिअर सुचवा ज्यात पाठीवर लोडच येणार नाही.

तर बाबा, तुमचा मेल मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा मला करिअरचा प्रश्न काही सापडला नाही. एमआरआयचा फोटो जोडलाय, 'डेसिकेशन' शब्दाभोवती लाल पेनानं गोल, जीन रिपोर्टची नऊ पानं जोडलीत, मार्कशीट मात्र नाही. तिला बायोलॉजी आवडतं का, नीटची तयारी कुठवर आलीय, काही नाही. तिचं म्हणणं अख्ख्या पत्रात एका ओळीत, तेही तुमच्याच शब्दांत, 'तिच्या डोक्यात फिजिओचं खूळ बसलंय'.

आणि मला खरी काळजी वाटली ती पुढच्या परिच्छेदानं. एमआरआयनंतर तिचं खो-खो बंद केलंत, कॉलेजचा ट्रेक बंद, बादली उचलायची नाही, वाकायचं नाही, क्लासला जाताना कमरेला पट्टा, आणि पट्टा कुठला तर तुमच्या ऑपरेशननंतरचा तुमचाच जुना, एक हूक तुटलेला. पाठीचे कुठले जीन्स तुमच्याकडून आले ते कोणी सांगू शकत नाही, पण हा पट्टा तर तुम्ही स्वतःच्या हातानं तिला बांधलाय. रागावू नका. तुम्ही तीन महिने पालथे पडून काढलेत, पायातून वीज गेल्यासारखी कळ काय असते ते तुम्हाला माहितीये, आणि आता मुलगी सोफ्यावरून उठताना 'आई गं' म्हणाली तरी तुमच्या पोटात गोळा येत असणार. ते कळतं मला. पण त्या भीतीचा हिशेब सतरा वर्षांच्या पोरीनं का चुकवायचा?

मी या करिअर सल्ल्याच्या कामात यायच्या आधी चौदा वर्षं अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवलंय, त्यामुळे त्या 'पंचाहत्तर टक्क्यां'वर जरा बोलते, कारण सगळा गोंधळ तिथंच आहे.

आकडा तुम्ही हवेतून आणलेला नाही हे आधी कबूल करते. जुळ्यांवरचे अभ्यास खरंच झालेत. जुळ्यांवर १९९९ साली एक अभ्यास आला, त्यात कमरेच्या गादीच्या झिजेची अनुवंशिकता साधारण ७४ टक्के निघाली होती. पण याचा अर्थ तुमच्या मुलीची गादी खराब व्हायची शक्यता ७४ टक्के, असा अजिबात नाही, आणि तिची पाठ ७४ टक्के तुमची नि २६ टक्के तिची असाही नाही. तो आकडा एका माणसाचा नसतोच, तो अख्ख्या गटातल्या माणसा-माणसांतल्या फरकाचा असतो. असं बघा, एका वर्गात सगळ्या मुलांना एकच सर, एकच नोट्स, एकच क्लास, तर मार्कांत जो फरक पडेल तो बराचसा मुलांच्या स्वतःच्या कुवतीमुळेच दिसेल, म्हणून काय शिकवण्याला किंमत नाही? त्याच वर्गात अशी चार मुलं आणून बसवा ज्यांना वर्षभर सरच मिळाले नाहीत, की लगेच हिशेब बदलला, मुलं तीच असून. अनुवंशिकतेचा टक्का असा वर्गावर अवलंबून असतो, आणि तुम्ही तो तुमच्या लेकीच्या कपाळावर चिकटवलात.

अजून एक. फिनलंडच्या एकसारख्या जुळ्या भावांवरचं १९९५ सालचं काम यात सगळ्यात जास्त सांगितलं जातं, ११५ जोड्या होत्या. कमरेच्या वरच्या भागातल्या गाद्यांमध्ये कामाच्या ओझ्यानं फरकातला ७ टक्केच भाग समजला, वय धरून १६, आणि घराणं धरलं की एकदम ७७. तुमच्यासारखे लोक हा ७७ उचलतात आणि पुढचं वाचत नाहीत. खालच्या दोन गाद्यांमध्ये, म्हणजे जिथं तुमची आणि तिची तक्रार आहे तिथं, सगळं मिळून हिशेब लागला ४३ टक्क्यांचा. अर्ध्याहून जास्त फरक कशामुळे ते कळलंच नाही. शिवाय त्या घराण्याच्या खात्यात नुसते जीन्स नाहीत, एका घरात वाढणं, एकसारखं खाणं, हेही त्यातच आलं. आणि एक मजा बघा, त्यात कामाचं ओझं किती कमी भरलंय. म्हणजे ज्या अभ्यासाच्या जोरावर तुम्ही तिला फिजिओ नको म्हणताय, तोच अभ्यास सांगतो की काम बदलून गादीत फार फरक पडत नाही. ओझं उचलून पाठ दुखत नाही असं नाही हां, दुखते, फिजिओंचीही दुखते, पण दुखणं वेगळं आणि एमआरआयमधली झीज वेगळी.

आता त्या लाल गोलाबद्दल. डेसिकेशन म्हणजे गादीतलं पाणी कमी झालंय, बस. गादीच्या मधोमध जेलीसारखा गर असतो, त्यात ॲग्रीकॅन नावाचं प्रथिन पाणी धरून ठेवतं, कोलॅजन त्याला बांधून ठेवतं, आणि आत रक्तवाहिन्या जवळजवळ पोचतच नाहीत म्हणून तिचं पोषण हळू आणि दुरुस्ती त्याहून हळू. या प्रथिनांच्या जीन्समध्ये बारीक बदल असतात, त्यावर तुमचं ते किट बोलतंय. पण पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या स्कॅनचे अभ्यास २०१५ साली एकत्र केले, तेव्हा वयाच्या विशीतच ३७ टक्के लोकांत अशी झीज दिसली आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्क्यांत. त्यातलं कोणी पट्टा बांधून क्लासला जात नव्हतं. माझ्या कमरेचा एमआरआय काढलात तर तुम्ही लाल पेनाची रिफिल संपवाल.

जीन रिपोर्टातलं एकच उदाहरण देते. कोलॅजन नाइन हा कोलॅजनचाच एक प्रकार, त्याच्या जीनमधला एक बदल १९९९ साली फिनलंडमध्ये सापडला, १५७ पेशंटपैकी ६ जणांत, आणि तुलनेला घेतलेल्या १७४ निरोगी लोकांत एकातही नाही. वाटलं, सापडला गुन्हेगार. नंतर दक्षिण चीनमधल्या लोकांत बघितलं तर तोच बदल जवळपास २० टक्के लोकांत निघाला, तिथं त्याचा थोडा संबंध दिसलाही, पण तो असलेले सगळे काही कंबर धरून बसलेले नाहीत. असे कितीतरी जीन्स आहेत, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. तिकडच्या आकड्यांवरून कासारवडवलीच्या मुलीला 'हाय रिस्क' म्हणणाऱ्या पीडीएफवर करिअर ठरवायचं नसतं. आणि थुंकी नळीत भरायच्या आधी तिला विचारलं होतंत का, हे मला तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही.

ते शेवटचं वाक्य, 'हे बाहेर कळलं तर पुढे स्थळं येताना अडचण', यावर मी उत्तर देणार नाही. ती १७ वर्षांची आहे. एवढंच म्हणते की तिनं ते वाक्य घरात ऐकलंय अशी मला दाट शंका आहे.

राहिला तुमचा प्रश्न, बसून करायचं काम. अहो, तिची कंबर कधी दुखायला लागली ते तुम्हीच लिहिलंय, अकरावीच्या शेवटाला, म्हणजे कॉलेज आणि क्लास धरून दिवसाचे नऊ-दहा तास बाकावर, उरलेला वेळ बेडवर पालथं पडून मोबाइल, खो-खो आधीच कमी झालेलं आणि मग तुम्ही पूर्णच बंद केलेलं. बसूनच दुखायला लागलीय ती! बीसीए करून ऐरोलीला नाहीतर महापेला कुठल्या कंपनीत लागली तर नऊ तास खुर्ची, वर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास बस. हे पाठीला आरामाचं काम वाटतंय तुम्हाला? तिला बीसीए आवडत असेल तर जरूर करू दे, पाठीसाठी नको.

फिजिओचं म्हणाल तर सगळं काम उचलाउचलीचं नसतं. लकवा झालेल्या माणसाला बेडवरून खुर्चीत घेणं हा भाग आहेच, पण ते दोघं मिळून, बोर्ड-बेल्ट वापरून करायला पहिल्यापासून शिकवतात. आयसीयूमध्ये छातीची फिजिओथेरपी असते, लहान मुलांची असते, खेळाडूंची असते, आणि उलट स्वतःची पाठ कशी सांभाळायची हे ज्या कोर्समध्ये शिकवतात तोच तुम्ही तिला नको म्हणताय. पैसा सुरुवातीला कमी असतो, हे मी तिलाही स्पष्ट सांगेन, आणि एमबीबीएस हुकलं म्हणून फिजिओ असं असेल तर नको. प्रवेश नीटवरून, सीईटी सेलच्या काउन्सेलिंगनं, डिग्री नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, कालावधी त्या वर्षीच्या ब्रोशरमध्येच बघा कारण नियम बदलतायत. एवढं पुरे.

पण तिच्या बाजूनंही एक शंका आहे मला. तुम्ही लिहिलंय की तुमच्या ऑपरेशननंतर घरी एक फिजिओ ताई यायच्या आणि ही पाचवीत असताना शेजारी बसून तुम्ही पाय किती वेळा उचलला ते मोजायची, एक-दोन-तीन करत. गोड आहे, पण मग तुम्ही नको म्हणताय तेही तुमच्या पाठीमुळे आणि ती हवं म्हणतेय तेही तुमच्याच पाठीमुळे. तिला हे काम हवंय की बाबा बरे व्हायला हवेत, हे तिलाही नीट माहीत नसेल. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तिला ठाण्यातल्याच एखाद्या फिजिओच्या क्लिनिकमध्ये आठ दिवस नुसतं बसू द्या, ओळखीनं विचारलं तर बरेच जण हो म्हणतात. अनोळखी म्हाताऱ्याचा आखडलेला खांदा विसाव्यांदा वर करून घेताना तिला कंटाळा आला तर कळेल, नाही आला तरी कळेल.

त्याआधी एकदा हाडांच्या डॉक्टरांकडे जा, रिपोर्टची फाइल तिच्या हातात द्या, बोलू तिलाच द्या, आणि खो-खो कधी सुरू करू हा प्रश्न तिनंच विचारू दे. पायातली ताकद कमी वाटली, मांडीच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेला तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, हे तिघांनाही माहीत असू दे. पट्टा तेवढ्यासाठी घरात ठेवायची गरज नाही.

पुढचा मेल तिला लिहू द्या, एमआरआय न जोडता. आणि नीटचा फॉर्म निघेल तेव्हा मोबाइल नंबर तिचा टाका, ओटीपी तिलाच येऊ दे.