कपिल शर्मा गायक व्हायला निघाला होता, मग कॉमेडियन कसा झाला?

प्रश्न वाचला. कपिल शर्मा मुळात गायक व्हायला निघाला होता म्हणतात ते खरं का, मग कॉमेडीत कसा घुसला, अन् गाणं सुटल्याचं वाईट वाटत असेल का त्याला, असं विचारलं आहे भाऊंनी. हाव, खरं आहे. पण माझं म्हणणं जरा वेगळं आहे, गाणं सुटलंच नाही त्याचं, त्याच गाण्याच्या भरोशावर तो कॉमेडी करून राहिला. कसं ते सांगतो, थोडं लांबेल.

आधी मी कोण ते सांगून टाकतो, नाही तं म्हणाल हा कोण मोठा शहाणा. मी गडचिरोली जिल्ह्यातला, वडश्याजवळच्या एका गावचा. तीन एकर धानाची शेती आहे अन् दिवाळी झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकात कॉमेडीचा पार्ट करतो, सतरा वर्षं झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा पट्टा, इथे मंडई म्हणजे गावची जत्रा भरली, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत झाली की त्या रात्री गावात नाटक पाहिजेच, अन् नाटक म्हणजे दोन तासांचं नाही बाप्पा, रात्री दहा-अकराला पडदा उघडते अन् पहाटे कोंबडा आरवेपर्यंत चालते. लोक घरून चटई, ब्लँकेट, शेंगदाणे घेऊन येतात. वडसा म्हणजे या सगळ्याची राजधानी, तिथेच बहुतेक नाटक कंपन्यांची ऑफिसं. त्यामुळे कॉमेडी अन् गाणं एकाच माणसानं करायचं म्हणजे काय असते हे मला टीव्हीवरून नाही, थंडीत कुडकुडत स्टेजवर समजलं आहे.

आता कपिलचं. २ एप्रिल १९८१ चा जन्म, अमृतसरचा. वडील पंजाब पोलिसात हेड कॉन्स्टेबल, म्हणजे हा पोलीस क्वार्टरमधला पोरगा. पीसीओवर बसला, कापडाच्या मिलमध्ये राबला, हे त्याने स्वतःच मुलाखतीत कितीतरी वेळा सांगितलं आहे. (पीसीओ आताच्या पोरांना समजणार नाही, काचेची खोली, आत फोन अन् वर लाल आकडे धावत राहायचे, बोलणाऱ्याचं लक्ष बोलण्यात कमी अन् आकड्यात जास्त. मी वडश्याच्या स्टेशनरोडवरच्या पीसीओतून कंपनीला फोन करायचो तेव्हा "कोणती तारीख" एवढं विचारून झालं की ठेवून द्यायचो.) कॉलेजात नाटकं केली अन् गाणं तं होतंच, डोक्यात एकच की मुंबईला जाऊन गायक व्हायचं. त्यातच वडिलांना कॅन्सर झाला, २००४ मध्ये ते गेले. तेव्हा हा तेवीस वर्षांचा. मोठा भाऊ पोलिसात होता, बहिणीचं लग्न व्हायचं होतं. अशा घरात "मी गायक होतो" म्हणायला किती छाती लागते ते ज्यानं पाहिलं त्यालाच समजते.

मग आलं २००७, ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंजचा तिसरा सीझन. इथली गोष्ट मला लय आवडते. अमृतसरच्या ऑडिशनमध्ये कपिल रिजेक्ट झाला अन् त्याचा दोस्त चंदन प्रभाकर सिलेक्ट झाला! हाच चंदन पुढे त्याच्या शोमध्ये राजू अन् चायवाला म्हणून दिसला. कपिलला नंतर परत संधी भेटली अन् शेवटी तोच सीझन जिंकला, चंदन रनरअप. दहा लाखाचं बक्षीस, ते बहिणीच्या लग्नाला लावलं.

रिजेक्ट झाल्याचं मी यासाठी सांगतो की मी पण झालो आहे. नागपूरला एका मराठी कॉमेडी शोचं ऑडिशन होतं, नाव नाही घेत. पहाटेची गाडी पकडून गेलो, लाईनीत सात तास उभा, बिल्ल्यावर नंबर चारशेच्या वर. नंबर आला तेव्हा टेबलामागची पोरगी मोबाईलमध्ये पाहत म्हणते, "सर, विदर्भाचं काहीतरी फनी करा ना." मी म्हटलं म्हणजे काय करू? तं म्हणे, ते "काऊन बे" वगैरे. मी दोन ओळी गायलो अन् मग आमच्या नाटकातला सासऱ्याचा सीन सुरू केला तं म्हणे, सर गाणं नको, थँक्यू. मिनिटभर पण झालं नसन. परत येताना गाडीत लय राग आला होता, आता हसू येते. तसं पाहिलं तं आमच्या अमरावतीच्या भारत गणेशपुरे यांनी चला हवा येऊ द्या मध्ये वऱ्हाडी बोलूनच अख्खा महाराष्ट्र हसवला, पण त्यांच्या तोंडात ते मूळचं आहे, वरून लावलेलं नाही, अन् त्या पोरीला वरून लावलेलं पाहिजे होतं.

असो. कपिल कॉमेडीत गेला म्हणजे त्यानं गाणं टाकलं असं लोक म्हणतात. आता पाहा, सोनीवर कॉमेडी सर्कसचे सहा सीझन जिंकला, नाव झालं, तरी २०११ मध्ये स्टार या रॉकस्टार नावाच्या गाण्याच्या शोमध्ये स्पर्धक म्हणून गेला. ज्याला गाणं नको असते तो असा जाते का? मग जून २०१३ ला कलर्सवर कॉमेडी नाईट्स विथ कपिल सुरू झालं, ते त्याच्याच कंपनीचं. नवज्योत सिद्धू बाजूला बसून हसायचा, सुनील ग्रोव्हरची गुत्थी, अली असगरची दादी, किकू शारदाची पलक, सुमोना चक्रवर्ती शोमधली बायको. आमच्या गावात तेव्हा संध्याकाळी भजन मंडळ पण अर्धा तास उशिरा बसायचं शनिवारी. सप्टेंबरात सेटला आग लागली, सगळा सेट जळला, तरी शो काही थांबला नाही. त्या शोमध्ये गायक पाहुणा आला की पाहा कपिलचं तोंड कसं होते. जोक मारणं सोडते अन् सोबत गाते, अन् गातो म्हणजे खरंच सुरात गाते, टिंगल नाही.

आता माझा खरा मुद्दा. मला कॉमेडी शिकवली ती आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या कलाकारानं, आयुष्यभर दंडार अन् खडीगंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यात गेलेला माणूस, मी त्याला आजा म्हणायचो. मी पहिल्याच वर्षी स्टेजवर पडलो, म्हणजे डायलॉग बोललो अन् मांडवात कोणीच हसलं नाही, समोरची बाई पोराला स्वेटर घालत राहिली. दुसऱ्या दिवशी आज्यानं पेटी (हार्मोनियम) काढली अन् मला अंगणात बसवलं. सीन असा होता, पोरीचा बाप विचारते, "जावईबापू, घरी कोण कोण आहे?" अन् मी म्हणायचं, "मी आहे, बायको आहे, अन् बायकोची माय आहे." मी एका दमात बोलून मोकळा व्हायचो. आजा माझ्या मांडीवर बोटानं ताल द्यायला लागला, दादरा, सहा मात्रा, अन् म्हणे, "बायकोची म्हणून थांब. थांब म्हणतो ना बे! दोन मात्रा जाऊ दे. आता समेवर माय टाक." (सम म्हणजे तालाचा पहिला ठोका.) दुपारभर तेच चाललं. माझी माय घरातून ओरडे, कोणाची माय माय करून राहिले रे सकाळपासून. त्याच रात्री आरमोरीकडे नाटक होतं, मी "बायकोची" म्हणून थांबलो, दोन मात्रा, मांडवात एकदम शांत, अन् मी "माय" म्हटलं तं बाया अशा हसल्या की ऑर्गनवाल्यानं मागून सूर दिला. डायलॉग तोच, शब्द तेच. आजा विंगेत बसून बिडी पीत होता, मान पण नाही हलवली त्यानं.

हे समजल्यावर मी कपिलला पाहायला लागलो तं वेगळाच दिसला. तो पाहुण्याला प्रश्न विचारते, पब्लिककडे पाहते, अर्धा श्वास घेते, अन् मग शब्द ठेवते. घाई नाही. पाहुणा मध्ये बोलला तं तेवढं पण तालात घेऊन पुढची ओळ टाकते, जसा तबलजी उठान घेते तसा. हे काही लिहून देता येत नाही कोणाला, लेखक जोक लिहून देईल पण थांबायचं कुठे ते कानातच असावं लागते. म्हणून म्हणतो, गाणं सुटलं नाही.

आमच्याकडचंच उदाहरण, गुरनोलीचे परशुराम खुणे, २०२३ मध्ये पद्मश्री मिळालं त्यांना. झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात लोक. शेतकरी माणूस, आयुष्य विनोदी भूमिकेत गेलं. त्यांना पद्मश्री जाहीर झालं त्या दिवशी वडश्यात कंपन्यांच्या ऑफिसात पेढे वाटले, मी पण दोन खाल्ले.

कपिलचा पुढचा भाग पटकन सांगतो कारण तो सगळ्यांनी बातम्यांत पाहिला आहे. २०१५ मध्ये पहिला पिक्चर आला तो चालला. २०१६ ला जानेवारीत कलर्सचा शो बंद अन् एप्रिलमध्ये सोनीवर द कपिल शर्मा शो सुरू. मार्च २०१७, ऑस्ट्रेलियाहून परत येताना विमानात सुनील ग्रोव्हरसोबत भांडण. कपिलनं जाहीर माफी मागितली पण सुनील गेला तो गेला, त्याच्यासोबत अजून काही जण गेले. मग तब्येत बिघडली, शूटिंग कॅन्सल व्हायला लागलं, शो बंद पडला, डिसेंबरात फिरंगी हा पिक्चर आला, निर्माता पण तोच, तो पडला. २०१८ चा नवा शो थोड्याच एपिसोडात गुंडाळला. दारू अन् डिप्रेशनबद्दल तो नंतर स्वतः उघड बोलला आहे, म्हणून मी लिहितो, नाही तं लिहिलं नसतं.

यात लोक भांडणाचीच चर्चा करतात. मला वेगळंच वाटते, कॉमेडीत जोडी जाणं म्हणजे पेटीवाल्यानं मध्येच उठून जाणं. माझा जोडीदार होता नऊ वर्षं, एका नाईटचे दोनशे रुपये जास्त भेटतात म्हणून दुसऱ्या कंपनीत गेला, त्याचं पण बरोबर होतं, घरी तीन पोरं. नवीन पोरगा आला तो चांगला होता, पाठांतर पक्कं, पण मी थांबलो की त्याला वाटे मी विसरलो अन् तो प्रॉम्प्टिंग करे! भर मांडवात, "दादा, माय आहे म्हणा ना." लोक हसले, पण ते हसणं वेगळं. दोन सीझन लागले त्याला माझी मात्रा समजायला. त्यामुळे २०१७ नंतरचा कपिल का घसरला हे मला फार विचारू नका, मला ते पेपर न वाचता समजलं होतं.

डिसेंबर २०१८ मध्ये लग्न झालं गिन्नी चतरथसोबत अन् त्याच महिन्यात द कपिल शर्मा शो परत सुरू झाला, यावेळी चालला. एक पोरगी, एक पोरगा आहे. नंदिता दासच्या झ्विगाटोमध्ये, २०२३ ला थेटरात आला तो, त्यानं भुवनेश्वरचा डिलिव्हरीवाला केला, एक पण जोक नाही. पिक्चर कमावला नाही फार, पण मी मोबाईलवर पाहिला अन् त्यात तो गप्प उभा राहते ते पाहून परत आज्याची आठवण आली. त्याच वर्षी गुरु रंधावासोबत गाण्याचा व्हिडिओ काढला. म्हणजे वयाच्या एक्केचाळीसाव्या वर्षी, सगळं झाल्यावर, बाप्पा गायक म्हणून आला एकदाचा. अन् मार्च २०२४ ला नेटफ्लिक्सवर शो घेऊन आला तेव्हा बाजूला सुनील ग्रोव्हर परत होता. मी अन् माझा जुना जोडीदार (तो पण आला परत, दोनशेचं काही खरं नव्हतं) आम्ही दोघांनी पहिला एपिसोड त्याच्या मोबाईलवर वावरातल्या झोपडीत पाहिला, नेट मध्येमध्ये थांबे तं तो म्हणे, पाहा कसा थांबून राहिला समेवर.

राहिला प्रश्न वाईट वाटते का त्याला. त्याच्या मनातलं मी कसं सांगू. मला विचारलं असतं तं सांगितलं असतं, मलापण गायकच व्हायचं होतं, वडश्यात हीरोच्या पार्टला उंच, गोरा माणूस लागते अन् गाणं हीरोला भेटते, म्हणून मी कॉमेडीत आलो. आता मला एन्ट्रीला एक गाणं असते अन् लोक वन्स मोअर देतात, माईकवरून कोणाच्या तरी नावानं पन्नास रुपये बक्षीस पुकारतात, हीरोला पुकारत नाहीत कधीकधी.

बाकी कोणाला विचारायचं असन तं विचारा, उत्तर उशिरा देईन कारण धान कापायला आलं आहे अन् नवीन नाटकाची तालीम सुरू झाली. काल वही भेटली. माझ्या पार्टच्या पानावर लेखकानं एवढंच लिहिलं आहे, "इथे कॉमेडी, १५ मिनिटं, नंतर गाणं." गाणं तं बसलं माझं, पंधरा मिनिटांचं पाहतो काही.